बारावीला तर्कशास्त्र नव्हतं, गणितही दहावीनंतर सुटलं. एम.ए. तत्त्वज्ञानातलं तर्कशास्त्र झेपेल का?

झेपेल. आकडेमोड जवळपास नसते, लागते ती चिन्हांची सवय. सत्यता कोष्टकं (विधानं खरी-खोटी धरून तपासायचे तक्ते) लवकर जमतात. मुलं अडतात ती संख्यापकांपाशी, म्हणजे ‘प्रत्येक’, ‘कोणी एक’ अशा शब्दांच्या चिन्हांपाशी. ‘प्रत्येकाला कोणी ना कोणी आवडतं’ आणि ‘कोणी एक जण सगळ्यांना आवडतो’ ही दोन विधानं चिन्हांत मांडून बघा. फरक फक्त संख्यापकांच्या क्रमाचा, पण दुसऱ्यावरून पहिलं निघतं, पहिल्यावरून दुसरं नाही. हे डोक्यात बसलं की निम्मी भीती गेली.

न्यायदर्शन या भारतीय दर्शनातलं पंचावयवी अनुमान, म्हणजे पाच पायऱ्यांचा युक्तिवाद (तेच ते, डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे) सोपं वाटतं म्हणून लोक पाठ करतात. खरी गंमत हेत्वाभासांत, म्हणजे वरवर पटणाऱ्या पण सदोष कारणांत आहे, तिथे वेळ द्या.

प्रवेशाआधी बोर्डाची अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची मराठी पुस्तकं सोडवून काढा. नुसती वाचू नका, सिद्धता वहीत लिहा.