पोळीची भाकरी झाली, तरी साखर का उतरत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 46, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्रित गोळी रोज सुरू. तीन महिन्यांपूर्वी आपण पोळी सोडून ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर आलात, तरी एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा, 7.2 वरून जेमतेम 7.1 वर आला. आजोबा तीन-तीन भाकऱ्या खाऊन ठणठणीत होते, मग माझेच कुठे चुकते आणि आता धान्य पूर्ण बंद करू का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही; नऊ वर्षांपूर्वी मीही याच जागी उभा होतो आणि तेव्हापासून मोजून-मापून जेवत आलो आहे, तेवढ्या आधारावर लिहितो.

आधी गोळीविषयी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते; ताटात भाकऱ्या तीन आहेत की एक, हे त्या गोळीला कळत नाही. कर्बोदके अचानक निम्म्यावर आणली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर घसरून दरदरून घाम, थरथर आणि चक्कर येऊ शकते, आणि यंत्रापाशी उभे राहून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. म्हणून ताट बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून, मी धान्य कमी करणार आहे, गोळी किती ठेवायची, असे स्पष्ट विचारा. ज्यांना डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी सुरू आहे, त्यांनी तर धान्य बंद करण्याचा निर्णय कधीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यात रक्तातील किटोन (शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारे पदार्थ) आणि आम्लता धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते आणि साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्यामुळे ते वेळीच लक्षातही येत नाही.

आता भाकरी. ती उत्तम अन्न आहे, पण ती कमी कर्बोदकांची आहे हा समज खरा नाही. पीठ गव्हाचे असो, ज्वारीचे, बाजरीचे किंवा नागलीचे, 100 ग्रॅम पिठात साधारण 60 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतातच. मी एका संध्याकाळी आमच्या घरी एका भाकरीचे कोरडे पीठ परातीत घेण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवले, तर ते 72 ग्रॅम भरले. म्हणजे एका भाकरीत सुमारे 47 ग्रॅम आणि तीन भाकऱ्यांत 140 ग्रॅम कर्बोदके, तीही एकाच जेवणात. त्या रात्री तीन भाकऱ्या आणि बटाट्याची भाजी खाऊन दोन तासांनी बोटातून रक्त काढून पाहिले तेव्हा साखर 204 होती. पुढच्या आठवड्यात त्याच वेळी एक भाकरी, वाडगाभर मेथीची परतलेली भाजी, दोन अंड्यांची पोळी आणि दही असे जेवलो, तेव्हा ती 141 निघाली. पीठ त्याच डब्यातले होते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणावर आधारित, 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसते. आपल्या देशात आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पांढरा तांदूळ किंवा मैद्याच्या जागी नुसते अख्खे गहू वा भरडधान्य आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे त्यात आढळले नाही.

राहिला प्रश्न आजोबांचा. माझे आजोबा सिन्नर तालुक्यातले. तेही तीन भाकऱ्या खात. पण विहिरीवर मोट होती आणि बैलांबरोबर धावेवर दिवसभर खाली-वर चालणे होते, त्यामुळे खाल्लेली साखर स्नायूंतच खर्च होत असे. भाकरीसोबत कुळथाचे पिठले, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असे. दोन जेवणांच्या मध्ये काही खाणे नसे, गोड सणासुदीला मिळे आणि दिवेलागणीच्या सुमारास जेवण उरकलेले असे. त्यांच्या ताटातून फक्त तीन भाकऱ्या उचलायच्या आणि बाकीचा दिनक्रम सोडून द्यायचा, तर त्याला पूर्वजांसारखे जेवणे कसे म्हणता येईल?

धान्य पूर्ण बंद करण्याची आपल्याला गरज आहे, असे मला वाटत नाही. 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी ठेवा आणि रिकामी झालेली जागा पालेभाजी, दोडका, काकडीची कोशिंबीर आणि प्रथिनांनी भरा: दोन अंडी, मासे किंवा 100 ग्रॅम पनीर, ज्यातून साधारण 18 ग्रॅम प्रथिने मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा. आधी कोशिंबीर, भाजी आणि प्रथिने, शेवटी भाकरी, असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. हात धुतल्यावर लगेच 15 मिनिटे चाला. त्यासाठी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक गाठायला नको, घरासमोरची गल्ली पुरते.

रात्रपाळीच्या आठवड्यात कामावर जाण्यापूर्वी पोटभर जेवा, मध्यरात्रीचे पोहे आणि साखरेचा चहा टाळा, आणि लागलेच तर ताक व मूठभर शेंगदाणे घ्या. सकाळी घरी आल्यावर खोली पूर्ण अंधारी करून झोपा; अपुऱ्या झोपेनेही साखर वाढते.

उपवासाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. 100 ग्रॅम साबुदाण्यात 85 ग्रॅमहून अधिक पिष्ट असते आणि प्रथिने जवळजवळ नसतातच. एकादशीची खिचडी ही मधुमेही माणसासाठी वर्षातून 24 वेळा येणारी अडचण आहे. शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी आणि चवीपुरती भगर यांवर उपवास नीट होतो. द्राक्षांचेही तसेच. हंगामात निफाड-दिंडोरीकडच्या पाहुण्यांकडून पेटी आली की घरात येता-जाता घोस तोडले जातात, आणि 100 ग्रॅम द्राक्षांत सुमारे 16 ग्रॅम साखर असते. दहा-बारा मणी वाटीत काढून घ्या आणि पेटी शेजारी वाटून टाका.

एचबीए1सीची तपासणी मात्र महिन्याभरात करू नका. ही तपासणी रक्तातील तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे जुन्या ताटाचा हिशेब त्या आकड्यात बराच काळ राहतो. तोपर्यंत आठवड्यातून तीन दिवस जेवणापूर्वीची आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनंतरची साखर मोजा, त्यासमोर ताटात काय होते ते वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.