आधी ओहोळ बघ, मग रोपं लाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कॉफीचं कुठलं वाण लावू आणि दाणे किती तास आंबवू, हे दोनच प्रश्न तू विचारलेस. उत्तरं देतोच, पण आधी एक काम कर. मोठा पाऊस पडून गेला की डोंगराच्या पायथ्याशी जा आणि ओहोळाचं पाणी ओंजळीत घेऊन बघ. गढूळ असेल तर तुझी माती वाहून चालली आहे. मग वाण कुठलंही लावलंस तरी ते फार दिवस साथ देणार नाही.

अरेबिकाची, म्हणजे उंचावर लावतात त्या कॉफीच्या जातीची, चव सावकाश पिकण्यात आहे. फुलापासून फळ लाल व्हायला 7 ते 9 महिने लागतात. उंचावरच्या थंड रात्री त्याला घाई करू देत नाहीत, म्हणून तिथला दाणा घट्ट भरतो. उंची आपल्या हातात नसते, सावली असते, आणि तीही फळाला सावकाश पिकू देते.

सावली तोडण्याची चूक मी तरुणपणी केली आहे, म्हणून पोटतिडकीने सांगतो. जास्त उत्पन्नाच्या हावेपोटी मी एका उतारावरची मोठी झाडं तोडली. दोन वर्षं झुडपं फळांनी लगडली. तिसऱ्या वर्षी पानं झडली आणि फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. अंगातलं होतं नव्हतं ते बळ झाडांनी फळांना देऊन टाकलं होतं. वर पाचोळा उरला नव्हता, त्यामुळे माती गेली ती गेलीच. तिथे पुन्हा सावली धरायला 12 वर्षं लागली.

तेव्हा रानातली मूळची झाडं राख, आणि एकाच जातीची नको, सरमिसळ असू दे. कुणाचा पाचोळा माती झाकतो, कुणाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, कुणाच्या फुलांवर मधमाश्या टिकतात. अरेबिकाचं परागण स्वतःचं स्वतः होतं, तरी मधमाश्या असल्या की फळधारणा सुधारते. फळं पोखरणारे भुंगेरे टिपायला पक्षीही त्याच झाडांवर येतात. मात्र पावसाळ्याआधी फांद्या विरळ करायला विसरू नकोस. पानं सतत ओली राहिली की तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, आलाच समज. श्रीलंकेत 1869 साली तो नोंदला गेला आणि पुढच्या दोन दशकांत तिथल्या डोंगरांवर कॉफीच्या जागी चहा आला. मैलोन्‌मैल एकच पीक असल्यावर बुरशीला अडवणार कोण?

वाणाचं उत्तर यातच आहे. तांबेरा सोसणारं एक आणि चवीसाठी नावाजलेलं एक, अशी दोन्ही थोडी थोडी लाव. गेशा या चवीसाठी गाजलेल्या वाणाचं नाव ऐकून सगळा डोंगर त्यानेच भरू नकोस, त्याचं उत्पन्न कमी असतं. पहिलं पीक यायलाच 3-4 वर्षं जातात, तेवढ्यात कुठल्या उताराला काय मानवतं ते कळेल.

तोडणी एका फेरीत उरकायची नाही. फळ चिमटीत धरून हलकं दाब. पिकलेलं असेल तर दाणा सहज सुटतो आणि बोटांना चिकट गोड रस लागतो. हिरवट फळ दाणा सोडत नाही, आणि तेच पुढे कपात तुरट लागतं. तोडणाऱ्यांना नुसत्या वजनावर मजुरी दिलीस तर हिरवी फळं येणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पिकलेल्या फळाला जास्त दे.

आता आंबवण्याचं, म्हणजे दाण्यावरचा चिकट थर सुटू देण्याचं. घड्याळावर जाऊ नकोस. उबेत 12 तासांत होतं त्याला थंडीत 36 तासही लागतात. गर काढलेले मूठभर दाणे पाण्यात चोळून बघ. बुळबुळीत लागले तर थांब. खडी चोळल्यासारखे करकरले की लगेच धू. रात्री दोन वाजता करकरले तर रात्री दोन वाजता धू.

आणि ते धुवण ओहोळात सोडू नकोस. ते आंबट असतं, त्यातली साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे गुदमरतात. खड्ड्यात साठव, चुना टाकून आंबटपणा मार, मग जमिनीत मुरू दे. फळाच्या वजनाचा जवळपास 40 टक्के भाग सालपट आणि गराचा असतो, त्याचं खत करून झाडांना परत घाल. दाणे जमिनीवर नको, उंच जाळीवर पातळ पसर आणि ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर येईपर्यंत हलवत राहा.

स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी, म्हणवून घ्यायला चवीच्या परीक्षेत 100 पैकी 80 गुण लागतात. पहिल्या वर्षी त्या आकड्याने जीव खाऊ नकोस. पीक हाती आलं की प्रत्येक उताराचा 350 ग्रॅम हिरवा दाणा वेगवेगळ्या पिशवीत पाठव. भाजू नकोस, भाजणी मी करीन. आणि सोबत त्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरचं ओहोळाचं पाणी कसं होतं, तेही लिही.