पेपरातल्या बातमीत जॅझ ऐकू का येत नाही?

तुमचा प्रश्न असा, की जॅझच्या मैफलीची बातमी वाचून कोण आलं, कोण वाजवून गेलं, हॉल भरला की नाही, सगळं कळतं. वाजवलं कसं, तेवढंच कळत नाही. असं का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा वार्ताहर. वीस वर्षं झाली. जॅझची मैफल समोर बसून एकदाही ऐकलेली नाही. रात्रीची लाइन असली की ओलिताला जातो, तेव्हा धुऱ्यावर बसून मोबाइलवर ऐकतो, तेवढंच. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर जॅझमध्ये नाही, पेपरच्या पानात आहे.

आमचं तालुक्याचं पान संध्याकाळी सातला लागतं. खंजिरी भजन स्पर्धा सुरू होते जेवणं आटोपल्यावर, नऊ-साडेनऊला. म्हणजे जे ऐकायचं ते सुरू व्हायच्या आतच बातमी गेलेली असते. मग तिच्यात घालणार काय? उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. यात आमचा स्वार्थही आहे. ज्याचं नाव छापून येतं तो चार अंक जास्त घेतो, आणि पंधरा ऑगस्टच्या पुरवणीला जाहिरात त्याच्याकडेच मागायची असते. वार्ताहर आणि जाहिरातवाला आमच्याकडे एकच माणूस.

एकदा असाच सहा वाजता मजकूर पाठवला: अमुक गावच्या मंडळाने रसिकांना मंत्रमुग्ध केले. त्या मंडळाची गाडी वाटेत बंद पडली, ते आलंच नाही. ज्यांनी रात्र गाजवली ते बुवा दुसऱ्याच गावचे. पहाटे तीनपर्यंत गायले. दवाने खंजिरीचं कातडं ढिलं पडायचं; दर दोन भजनांनी उठून ते ती शेकोटीवर धरायचे, टिचकी मारून कानाशी न्यायचे, आवाज चढला की परत येऊन बसायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण बातमी पाठवून झाल्यावर. सकाळी पानठेल्यावर त्यांनी मला गाठलं. हातात पेपर. म्हणाले, "भाऊ, जे आलेच नाई त्याईनं मंत्रमुग्ध केलं. अन आमी रातभर गायलो, थे कुठी हाय?"

जॅझवाल्यांची तक्रार याहून वेगळी नसावी. तोही रात्रीचाच कारभार, आणि त्यात मुखडा तेवढा ठरलेला. पुढचं तिथल्या तिथे रचायचं. जे त्या रात्रीच जन्माला येणार, ते दुपारच्या प्रेस नोटमध्ये कुठून असेल?

ऐकून लिहिणारेही चुकतात म्हणा. जॉन टायनन या समीक्षकाने १९६१ साली 'डाउनबीट' या अमेरिकन नियतकालिकात जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी या सॅक्सोफोनवादकांच्या वादनाला थेट 'जॅझविरोधी' ठरवलं. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकाने दोघांना उत्तर द्यायला जागा दिली. मला असा माणूस परवडतो. चुकला, पण ऐकून चुकला.

आणि आता माझा आवडता किस्सा. सप्टेंबर १९५७. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स या लहान शहरात लुई आर्मस्ट्राँग या नामांकित काळ्या जॅझ ट्रंपेटवादकाचा कार्यक्रम होता. तिथल्या पेपरात तासावर काम करणारा एक २१ वर्षांचा विद्यार्थी, लॅरी लुबेनो. संपादकांची ताकीद होती, राजकारणाचं विचारायचं नाही. पठ्ठ्याने हॉटेलातल्या माणसाला हाताशी धरलं आणि आर्मस्ट्राँगचं जेवण खोलीत जात होतं त्याच्यासोबत आत शिरला. तेव्हा अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना जाऊ देत नव्हते. लुबेनोने नेमकं तेच काढलं. आर्मस्ट्राँग भडकला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरमध्ये धमक नाही म्हणाला, सरकारतर्फे रशियाच्या दौऱ्यावर जाणार नाही म्हणाला. अर्कान्सासच्या गव्हर्नरला त्याने जी शिवी दिली ती छापण्याजोगी नव्हती. शेवटी दोघांनी मिळून 'अडाणी नांगऱ्या' असं काहीतरी ठरवलं. (आम्हा शेतकऱ्यांना हे जरा लागतं, पण असो.)

मजकूर गेला, पण वृत्तसंस्थेचा विश्वासच बसेना. लुबेनो दुसऱ्या दिवशी लिहिलेला कागद घेऊन परत गेला. आर्मस्ट्राँगने वाचलं, यातलं काही काढू नकोस म्हणाला, खाली 'सॉलिड' लिहिलं आणि सही ठोकली. बातमी देशभर गेली. कितीतरी जण वर्षानुवर्षं या माणसाचं हसू आणि घाम पुसायचा रुमाल यांवर लिहीत बसले होते. लुबेनोला त्या बातमीचे साडेतीन डॉलर मिळाले. संपादक नाराज झाले, आणि आठवड्याभरात त्याने तो पेपर सोडला.

मी काही सोडला नाही. या वर्षी स्पर्धेची बातमी मुद्दाम एक दिवस उशिरा पाठवली, बुवांच्या शेकोटीची तीन वाक्यं घालून. डेस्कने ती तीन वाक्यं उडवली आणि पाहुण्यांची चौदा नावं जशीच्या तशी ठेवली. सध्या मी दुसऱ्या ठेल्यावर पान खातो.