वाचकांचे प्रश्न : भूमध्य समुद्रातली बोट आणि वाऱ्याचा हिशेब

सप्टेंबरच्या सुरुवातीला सँटोरिनीत चार रात्री आहोत. बोटीची सहल शेवटच्या दिवशी ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोटीने अथेन्स आणि रात्री परतीचं विमान. जमेल ना? (भुसावळ)

जमलं तर नशीब म्हणायचं. बोट पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी घ्या आणि शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा.

एजियन समुद्रात उन्हाळाभर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा वाहतो. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त असतो, पण सप्टेंबरातही तो अधूनमधून उसळतो. आपल्याकडे वादळ म्हटलं की काळं आभाळ आलंच. तिथे आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही, आणि धक्क्यावर पाटी लागलेली : आज बोट नाही. वारा बोफोर्ट या वाऱ्याचा जोर मोजायच्या मापावर ६ ला, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला पोचला की लहान सहलीच्या बोटी थांबतात. त्याहून वाढला तर आधी वेगवान फेऱ्या बंद होतात आणि मग मोठ्या. मोठी फेरी अथेन्सच्या पिरेयस बंदराला पोचायला आठेक तास घेते, त्यामुळे एक फेरी चुकली की त्या रात्रीचं विमान गेलंच.

हवेमुळे सहल रद्द झाली तर बोटवाले साधारणपणे पैसे परत करतात किंवा दुसरा दिवस देतात. बुकिंग करताना ही अट वाचून घ्या. तुमच्याकडे दुसरा दिवसच शिल्लक नसेल तर ती अट असून उपयोग काय? मोबाइलवर हवामान पाहताना पावसाचं चित्र सोडा, वाऱ्याचा आकडा पाहा. तो ‘नॉट’मध्ये (ताशी सागरी मैल) असेल तर २२ च्या पुढे ६ नंबर सुरू होतो.

या सहलीत बहुतेक बोटी दोन ठिकाणी थांबतात. पहिलं नेआ कामेनी हे ज्वालामुखीचं काळं बेट. तिथे भुसभुशीत खडीवरून वीस-पंचवीस मिनिटं चढ आहे. सावली अजिबात नाही, प्रवेशाचे पैसे वेगळे. चपला नकोत, बूट घाला. दुसरं शेजारच्या पालेया कामेनीचे गरम झरे. नावावरून उनपदेवच्या कुंडासारखं काही समजू नका. बोट किनाऱ्याला लागत नाही. पन्नासेक मीटर गार पाण्यात पोहत जावं लागतं आणि पुढचं पाणीही कोमटच. त्यातल्या लोखंडामुळे पांढरे कपडे तांबूस पडतात ते निघत नाहीत, म्हणून जुने आणि गडद घाला. विहिरीत पोहायला शिकलेल्याला इथे तरंगणं सोपं जातं, कारण लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम मीठ आहे. मात्र बेटांमधल्या या पाण्याची खोली मध्यभागी तीनशे मीटरच्या वर आहे आणि पाय टेकणार नाहीत, तेव्हा पट्टीचे पोहणारे नसाल तर बोटीवरून तरंगणी मागून घ्या, लाजू नका.

आईचं वय ६६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. इटलीतल्या काप्री बेटाच्या निळ्या गुहेत तिला नेता येईल का? (चोपडा)

बेटाभोवतीच्या बोटीत खुशाल न्या. गुहेत नेण्याआधी मात्र आत कसं शिरतात ते समजून घ्या. तोंड पाण्याच्या वर जेमतेम एक मीटर उंच आहे. मोठ्या बोटीतून हलत्या पाण्यातच वल्ह्याच्या होडीत उतरायचं, तळाशी बसायचं आणि शिरताना पाठ टेकून आडवं व्हायचं. वल्हेवाला लाट ओसरायची वाट पाहतो, खडकात ठोकलेली साखळी धरतो आणि एका हिसक्यात होडी आत ओढतो. त्या क्षणी डोकं वर उचलायचं नाही, हात काठाबाहेर काढायचा नाही. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. गुडघा पूर्ण दुमडत नसेल तर हे उतरणं-चढणंच अवघड जाईल.

दुसरी वाट आहे : बेटावरच्या आनाकाप्री गावाहून बसने गुहेच्या वरपर्यंत जायचं आणि पायऱ्या उतरून थेट होडीत बसायचं. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकणं वाचतं, पण पायऱ्यांवर उभं राहून रांग लावावी लागते.

आत मिळतात पाचेक मिनिटं. तोंडाच्या खाली, पाण्याखाली आणखी एक मोठं भोक आहे. ऊन तिथून पाण्यातून गाळून येतं, तांबडा रंग वाटेतच शोषला जातो आणि उरतो तो निळा. पाण्यात हात घातला तर तो चांदीचा दिसतो. ऊन वर असताना, म्हणजे दुपारच्या सुमारास, रंग सर्वांत चांगला. ‘बेटाभोवती फेरी’ असं लिहिलेल्या तिकिटात गुहेचे पैसे बहुधा धरलेले नसतात, ते तिथे पाण्यावरच घेतात. समुद्र जरा खवळला की तोंड बुजतं आणि गुहा बंद. त्यामुळे इथेही आधीचा दिवस धरा.

मला कन्नड घाटात एसटीतसुद्धा उलटी होते. बोटीत काय होईल? (अमळनेर)

भूमध्य समुद्राच्या लाटा आखूड आणि लागोपाठ येतात, त्यामुळे त्रास होऊ शकतो. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडं मागे बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल बंद. दोन तळांची कॅटामरान कमी डोलते. उपाशी जाऊ नका, तेलकटही नको. प्रोमेथाझिनची गोळी निघण्याच्या तास-दीड तास आधी घेतात. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी. घरून काय नेता येईल? (शहादा)

युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून मांस किंवा दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी, तेलात केलेला चिवडा, दशम्या चालतील, फक्त दशम्या दुधात भिजवू नका. फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, पण पाच फळांना सूट आहे आणि त्यात केळं आहे! तेव्हा जळगावची केळी हक्काने न्या.

बोटीवरचं जेवण बहुधा मासे-मांसाचं असतं. शाकाहारी ताट बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. सँटोरिनीत ‘फावा’ मागा. लाखेच्या डाळीच्या कुळातल्या पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरणच ते, फोडणीऐवजी वर ऑलिव्ह तेल आणि कांदा.

माल्टात पाच रात्री, इटलीत तीन, मग ग्रीसच्या कोसला दोन. व्हिसा कोणाचा? मधे बोटीने तुर्कस्तान होईल का? (धुळे)

जिथे रात्री सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज, म्हणजे माल्टा. मोठ्यांची फी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कोसहून समोरच्या बोद्रुमला बोट जाते, पण तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर संध्याकाळी कोसला परत उतरता येणार नाही. अर्जातच ‘मल्टिपल एन्ट्री’ मागा, तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा काढा. आणि माल्टात कोमिनो बेटाच्या ब्लू लगूनला उतरायचं असेल तर २०२५ पासून वेळ आधी ऑनलाइन नोंदवावी लागते.