ओझफेस्ट म्हणजे नक्की काय होतं? भारतात कधी आलं होतं का?

जत्रांच्या हंगामात आपल्या मराठवाड्यात तमाशाचा फड कसा गावोगाव फिरतो, तसाच हा हेवी मेटलचा, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉक संगीताचा फड. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न याला लोलापलूझा या अमेरिकन संगीत महोत्सवावाल्यांनी घेतलं नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, शॅरननं, १९९६ मध्ये स्वतःचाच महोत्सव उभा केला. पुढच्या वर्षापासून तो अमेरिकाभर फिरायला लागला.

माझ्या मते खरी ताकद दुसऱ्या स्टेजची. मोठी नावं संध्याकाळी मुख्य स्टेजवर. इकडं भर उन्हात नवे बँड जीव तोडून वाजवायचे. सिस्टम ऑफ अ डाऊन १९९८ ला आणि स्लिपनॉट १९९९ ला तिथंच वाजले. २००७ मध्ये तर तिकिटं फुकट होती!

भारतात कधीच आलं नाही. नांदेड-लातूरकडून प्रत्यक्ष मेटल ऐकायला जायचंच असेल तर बंगळुरू ओपन एअर या मेटल महोत्सवावर नजर ठेवा. इअरप्लग मात्र न विसरता न्या.