ईईजी नॉर्मल आला, म्हणजे सुटलो ना?

निपाणीजवळच्या एका गावात तंबाखू पिकवणारे एक गृहस्थ पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये तिचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थोरल्या मुलाला १९व्या वर्षी स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) झाला होता आणि त्याचे उपचार धारवाडला चालू होते. मेंदूच्या लहरींवरून हा आजार आधीच कळतो, असे मोबाइलवर वाचून त्यांनी मुलीची तपासणी परस्पर करवून घेतली होती. "रिपोर्ट नॉर्मल आहे. म्हणजे सुटलो ना, मॅडम?"

मला 'हो' म्हणता येईना. नेहमीचा ईईजी मुख्यतः फिट्सच्या खुणा शोधण्यासाठी काढतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसतेच. त्यांनी वाचले होते ते संशोधन निराळे. एकाच स्वराच्या मालिकेत मध्येच वेगळा स्वर वाजला, की लक्ष दुसरीकडे असले तरी मेंदू तो फरक सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास टिपतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत, तसेच पुढे आजारी पडलेल्या काही तरुणांतही, हा प्रतिसाद सरासरीने क्षीण आढळला आहे. घोळ होतो तो या 'सरासरी'पाशी. मी त्यांना विचारले, "दोन शेतांतल्या पानांची सरासरी लांबी वेगळी भरली, तरी एकच पान हातात दिले तर ते कुठल्या शेतातले, हे सांगाल?" ते म्हणाले, "कसं सांगणार?"

सख्ख्या भावंडाला हा आजार असल्यास धोका १०० मागे सुमारे ९ असतो, एरवी तो सुमारे १. वाढतो खरा, पण ९० हून अधिक भावंडे या आजारापासून दूर राहतात, हे मी त्यांना दोनदा सांगितले. लक्ष ठेवायचे ते आठवडेच्या आठवडे झोप बिघडणे, विनाकारण संशय, मैत्रिणींपासून तुटणे, अभ्यास एकाएकी ढासळणे यांवर. तसे दिसल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचे, आणि शंका रात्री-अपरात्री आली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच. गांजापासून दूर राहण्याचेही मी मुलीला स्पष्ट सांगितले.

ती तोवर गप्प होती. मग वडिलांकडे न पाहता म्हणाली, "मी फोनवर हसले तरी बाबा दारात येऊन उभे राहतात." खरे सांगायचे तर, त्या फाइलपेक्षा मला हे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. गृहस्थ बराच वेळ फाइलची दोरी गुंडाळत राहिले.

"अभ्यासाला दार लावून बसू का मी?" तिने विचारले.

"बस," ते म्हणाले, "पण जेवायला हाक मारली की यायचं."