‘त्झू म्हणतो’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न असा : युद्धकलेवरच्या प्राचीन चिनी ग्रंथाचा लेखक ‘सुन त्झू’, त्यातलं त्झू हे आडनाव आहे का?

आडनाव सुन. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो. ‘त्झू’ ही आदराची उपाधी, लाओत्झूमध्ये आहे तीच. व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत ‘मिस्टर त्झू म्हणतात’ ऐकलं की डोकं उठतं. जोशीबुवांचं आडनाव बुवा समजण्यातलाच हा प्रकार.

खरी गंमत त्याच घराण्यातल्या, नंतरच्या युद्धशास्त्री सुन बिनच्या नावात आहे. ‘बिन’ म्हणजे गुडघ्याची वाटी, आणि ती काढून टाकण्याची शिक्षाही. असं नाव कोणती आई ठेवील? वेई राज्याचा सेनापती पांग जुआन हा त्याचा सहाध्यायी. त्यानं मत्सरापोटी याला शिक्षेत अडकवलं, आणि शिक्षाच नाव होऊन चिकटली, तैमूरला ‘लंग’ चिकटलं तशी. हान राजघराण्याच्या काळातला सरदार छिंग बू घ्या : मूळ आडनाव यिंग, पण ‘छिंग’ म्हणजे तोंडावर गोंदण्याची शिक्षा, ती त्यानं भोगलेली. आणि ‘वाट्या काढल्या’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हानकालीन इतिहासकार स-मा छ्येननं लिहिलेलं सुन बिनचं चरित्र एकदा उघडावं. तिथे दोन्ही पाय तोडून तोंड गोंदल्याचं लिहिलंय. माझ्या मते वाट्यांची कथा नावातून उगवली. पांग जुआन मात्र इ.स.पू. 341मध्ये मालिंगला याच्याच डावात सापडून संपला.

सुन वू (म्हणजे आपला सुन त्झू) आणि सुन बिन एकच, असं म्हणणारे पंडितही होते. 1972मध्ये शांतुंग प्रांतातल्या यिनच्युएशानच्या हानकालीन थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर दोघांचे ग्रंथ वेगवेगळे निघाले. (‘दोन्ही सुनांचे’ लिहिणार होतो, पण घरोघरी गैरसमज होतील.)

पण ग्रंथ दोन निघाले म्हणून थोरला सुन खरा ठरत नाही. त्याचं नाव ‘वू’, म्हणजे लढाईशी निगडित ते सगळं. एकाला नाव शिक्षेवरून, दुसऱ्याला धंद्यावरून! माझ्या मते ‘वू’ हेही टोपणनावच. राजवाड्यातल्या 180 स्त्रियांना कवायत शिकवताना सुन वूनं राजा हलूच्या दोन लाडक्यांची मुंडकी उडवल्याची गोष्ट सगळे चवीनं सांगतात. तीही स-मा छ्येनचीच, घटनेनंतर चारेकशे वर्षांनी लिहिलेली. इ.स.पू. 506मध्ये त्याच हलूच्या फौजेनं बोजूची लढाई मारून छू राज्याची राजधानी घेतली. ‘झुओझुआन’ या जुन्या इतिवृत्तात ती मोहीम तपशिलानं आहे, हलूचा सल्लागार वू झ्शू आहे, राजाचा भाऊ फूगाई आहे. टोपणनावाचा माझा तर्क ज्यांना पटत नाही, त्यांनी त्यात सुन वू शोधून दाखवावा.